कुठलं देऊ?

स्पेअर पार्टच्या दुकानात जुन्या जीपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग मागितलं, की काउंटरपलीकडून हमखास प्रश्न येतो, "कुठलं देऊ?" मागोमाग काचेवर चार खोकी येऊन पडतात. एक परदेशी नावाचं पण इथंच बनलेलं, एक अस्सल देशी, एक गाडीच्या कंपनीच्या पाकिटातलं आणि एक असं, की ज्याच्यावरचं नाव पहिल्या तिघांपैकी कुणाच्या तरी चुलतभावासारखं वाटतं. एखादं अक्षर इकडचं तिकडं झालेलं, एवढंच. आकाराला चारही सारखी. चकाकीला तर चौथंच सगळ्यांत सरस.

या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षांत तीन वेळा दिलं आणि दर वेळी आधीपेक्षा महाग खोकं उचललं. माझी जीप १९८७ सालची. डाव्या पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज यायचा, चाळिशीच्या पुढं काटा गेला की चढायचा. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तर तो वळणावळणाला बोलायचा: उजवीकडं वळलं की मोठा, डावीकडं वळलं की जवळपास गप्प. ही खूण पक्की समजावी. गाडी उजवीकडं वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर कलतो, आणि दुखऱ्या बेअरिंगवर भार आला की ते ओरडतं. टायरचा आवाजही असाच असतो, पण तो रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून सिमेंटवर गेलं की त्याचा सूर वेगळा लागतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. मग जॅक लावायचा, चाक वर आणि खाली धरून हलवून बघायचं. खडखडलं तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिला तर तो चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनमध्ये किंवा आणखी आत कुठं तरी शोधावा.

बेअरिंग नेमकं करतं काय, हे आधी बघू. बैलगाडीचं चाक फिरतं तेव्हा तुंब्यातला लोखंडी बूश आसावर घासतो. म्हणून गाडीवानाला वंगण घालावं लागतं आणि तरीही गाडी कुरकुरते. घसरणं आणि घरंगळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धान्याचं पोतं ओढून बघा आणि पिंप लोळवून बघा. बेअरिंगनं एवढंच केलं: आस आणि तुंबा यांच्यामध्ये घरंगळणारं काही तरी घातलं. गाडीच्या आसात छर्रे घालण्याचं पेटंट वेल्समधल्या फिलिप व्हॉन यानं १७९४ मध्ये घेतलं होतं. पण त्या काळी एकसारखे गोल छर्रे करणार कोण? १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ ही सायकल शर्यत जेम्स मूरनं जिंकली ती छर्ऱ्यांची बेअरिंगं बसवलेल्या सायकलवर. तिथून पुढं घरंगळण्याची सत्ता सुरू झाली. जाता जाता: 'व्होल्वो' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी घरंगळतो'. एसकेएफ या स्वीडिश बेअरिंग कंपनीनं १९१५ मध्ये हे नाव नोंदवलं ते बेअरिंगसाठी. मोटार त्या नावावर आली १९२७ मध्ये.

छर्रा टेकतो एका बिंदूवर. रोलर टेकतो एका रेषेवर, म्हणून तो जास्त भार पेलतो. पण चाकाला नुसता वरून भार नसतो; वळणावर बाजूनंही धक्का बसतो. साधा रोलर त्या बाजूच्या धक्क्यापुढं हतबल असतो. अमेरिकेत सेंट लुईस इथं घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेननं यावर तोड काढली ती १८९८ च्या पेटंटमध्ये: रोलर एका टोकाला निमुळते करायचे आणि तिरके बसवायचे. सगळ्या रोलरांच्या रेषा पुढं वाढवल्या तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात, म्हणून रोलर न घासता घरंगळतात आणि वरचा भार, बाजूचा धक्का दोन्ही अंगावर घेतात. एका चाकात अशी दोन बेअरिंगं एकमेकांकडं तोंड केल्यासारखी बसवली की दोन्ही बाजूंचे धक्के भागतात. जुन्या जीपच्या पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या तुंब्यात, हीच जोडी असते.

तिचा नंबरही एकच. कोन, म्हणजे रोलरांसकट आतली रिंग, १८५९०; कप, म्हणजे बाहेरची रिंग, १८५२०. दुकानात '१८५९०/२०' म्हटलं की पुरतं. हा नंबर दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपपासून चालत आला आहे, आणि महिंद्रानं विलीसच्या घराण्यातली जीप इथं बनवायला घेतली तसा तोही आपल्याकडं आला. कोनचं भोक एक इंच पाच सूत, कपाचा बाहेरचा व्यास दोन इंच सात सूत, मिलिमीटरमध्ये ४१.२७५ आणि ७३.०२५. हे अपूर्णांक लक्षात ठेवायला हवेत, कारण चाळीस मिलिमीटर भोकाचं बेअरिंग 'घासून बसवू' म्हणणारे महाभाग भेटतात.

मेट्रिक नंबर वाचायला त्याहून सोपे. ६२०५ मधला ६ म्हणजे एकेरी खोल खाचेचं बॉल बेअरिंग, २ ही त्याची जाडीरुंदीची मालिका, आणि शेवटचे ०५ पाचानं गुणले की भोक मिळतं: २५ मिलिमीटर. चारपासून पुढं हा गुणाकार चालतो. त्याखाली ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. नंबरापुढं '२आरएस' असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, 'झेडझेड' असेल तर पत्र्याची झाकणं. 'सी३' म्हणजे आत नेहमीपेक्षा थोडी मोकळी जागा. शेपटातली ही अक्षरं बदलून बेअरिंग घेणं म्हणजे नंबर बरोबर आणि माल चुकीचा. जुनं बेअरिंग पुसून त्याच्या कडेवरचा नंबर मोबाइलवर टिपून नेणं हा सर्वांत स्वस्त शहाणपणा. गाडीचं मॉडेल सांगून मागितलं की घोळ होतो, कारण तीस-पस्तीस वर्षांत मधल्या मालकांनी आत काय काय बदललं असेल त्याचा नेम नाही.

आता पोलाद. बेअरिंगच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतो. नकली मालातही हा पाढा बहुधा पाळला जातो. फरक पडतो तो स्वच्छतेत. रोलर पुढं सरकतो तेव्हा पोलादावर पडणारा सर्वांत मोठा ताण पृष्ठभागावर नसतो, त्याच्या किंचित खाली असतो. तिथं ओतताना अडकलेल्या मळीचा सूक्ष्म कण असेल, तर त्याच्या कडेला भेग पडते. लाखो फेऱ्यांत ती भेग वर येते आणि एक दिवस पृष्ठभागाचा खपला उडतो. पोपडा निघाल्यासारखा. त्या खड्ड्यावरून प्रत्येक रोलर आदळत जातो. तोच तो घूंऽऽ आवाज. म्हणूनच नकली बेअरिंग दुकानात ओळखू येत नाही. ते पहिले दोन-चार हजार किलोमीटर अगदी शहाण्यासारखं चालतं. त्याचा दोष पोटात असतो.

बेअरिंगचं आयुष्य मोजायची एक रीत आहे. एकाच जातीची शंभर बेअरिंगं सारख्या भाराखाली फिरवली, तर ज्या फेरीपर्यंत त्यांतली नव्वद टिकतील तिला 'एल१०' आयुष्य म्हणतात. दहा त्याआधीच जाणार, हे त्यात गृहीतच आहे. उत्तम कंपनीचं बेअरिंग लवकर गेलं म्हणून लगेच दुकानदाराची गचांडी धरू नये. या हिशेबात भाराचा वाटा भयंकर मोठा आहे. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट केला की आयुष्य दहाव्या हिश्शावर येतं. नुसता वीस टक्के वाढवला तरी ते जवळपास निम्मं होतं. आमच्याकडच्या वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपा आठवा. आत दाटीवाटीनं बारा, मागं लोंबकळणारे चार आणि टपावर भाजीच्या पाट्या. त्यांची बेअरिंगं दर हंगामाला का जायची, हे ड्रायव्हरला गणित न करता ठाऊक होतं. आज वडाप कमी झालं, पण हौशी मंडळी रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या डिस्क लावतात. चाक बाहेर सरकलं की भाराची रेषा दोन बेअरिंगांच्या मधून हलते आणि बाहेरच्यावर बसते. मग तेच एक सारखं जातं आणि मालक ब्रँड बदलत राहतो.

जीपचा १६ इंची अरुंद टायर किलोमीटरमागं सुमारे ४५० फेऱ्या घेतो. म्हणजे लाख किलोमीटरला साडेचार कोटी. एवढ्या फेऱ्यांचा सोबती निवडताना चार पैसे वाचवू नयेत, हे खरं. पण नावाजलेल्या कंपन्यांपैकी अमुकच घ्यावं की तमुक, यावर मिस्त्री लोकांचे जे वाद रंगतात ते मला आता व्यर्थ वाटतात. एसकेएफचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आहे, टिमकेनचा जमशेदपूरला, एनबीसीची बेअरिंगं १९४६ पासून सुरू झालेल्या जयपूरच्या कंपनीची, एफएजीचा कारखाना वडोदऱ्याला. यांतलं कुठलंही अस्सल बेअरिंग जुन्या जीपच्या गरजेला पुरून उरतं. 'जर्मन आहे' किंवा 'जपानी आहे' यालाही फारसा अर्थ नाही. एकाच कंपनीचा माल पाच देशांतून येतो आणि खोक्यावर तसं छापलेलं असतं. गाडीच्या कंपनीच्या पाकिटात बहुतेक वेळा यांच्यापैकीच कुणाचं तरी बेअरिंग असतं. पाकीट फोडून कडेवरचं नाव वाचा. पुढच्या वेळी तेच त्याच्या स्वतःच्या खोक्यात घेतलं की थोडं स्वस्त पडतं.

खरा प्रश्न अस्सल आणि नकली यांचाच. त्यात डोळ्यांवर विसंबू नये, कारण नक्कल करणारे खोकं मुळापेक्षा देखणं छापतात. अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घेऊनच घ्यावं. किंमत बाजारभावाच्या निम्मी असेल तर ती सवलत नव्हे. काही कंपन्यांनी मोबाइलवर तपासणीची सोय केली आहे. एसकेएफच्या ॲपवरून बेअरिंगचे आणि खोक्याचे फोटो पाठवले की त्यांची माणसं बघून कळवतात. मी एकदा पाठवले होते. उत्तर आलं, ते कळल्यावर मी ते बेअरिंग पेपरवेट म्हणून ठेवलं.

तरीही माझं डावं चाक ओरडायचं थांबलं नव्हतं. तिसऱ्या वेळी घेतलेलं बेअरिंग अस्सल होतं, महाग होतं, आणि सहा महिन्यांत गेलं. मिस्त्री म्हणाले, "आता जपानी टाकू की." मी तो हब ड्रमसकट उचलून उद्यमनगरात एका म्हाताऱ्या लेथवाल्याकडं नेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी माणसं अजून आहेत, ज्यांचा अंगठा मायक्रोमीटरच्या आधी निकाल देतो. त्यांनी हब उलटा ठेवला, भोक चिंधीनं पुसलं, नवा कप त्यात धरला आणि अंगठ्यानं दाबला. कप टक् करून आत गेला.

"बसला," मी म्हणालो.

"बसला न्हाई पाव्हणं. पडला."

मग त्यांनी बोअर गेज लावून दाखवला. हबचं भोक कपापेक्षा शतांश मिलिमीटरांनी का होईना लहान असायला हवं. कप प्रेसनं किंवा ठोकूनच आत गेला पाहिजे. आमच्या हबचं भोक कपापेक्षा मोठं होतं, आणि लंबगोल. आतल्या बाजूला सेंटर पंचाचे बारीक ठोके दिसत होते. कधी तरी कुणी तरी 'पंच मारून' कप घट्ट केला होता. पंचानं उठलेल्या टोकांवर कप चार दिवस धरून राहतो; मग ती टोकं सपाट होतात आणि कप भोकात फिरू लागतो. फिरता फिरता भोक आणखी खातो. वर त्या टोकांवर रेलल्यामुळं तो गोलही राहत नाही, आणि वाकड्या कपात जगातलं कुठलंही बेअरिंग टिकत नाही.

इथं एक गंमत आहे, ती समजली की निम्मे मिस्त्री ओळखता येतात. त्याच चाकात कोन मात्र स्पिंडलवर, म्हणजे आतल्या आसावर, हातानं सरकतो, आणि तसाच सरकायला हवा. कारण जीपच्या पुढच्या चाकात स्पिंडल स्थिर असतं आणि हब फिरतो. भार खालून एकाच दिशेनं येतो; फिरणाऱ्या कपाची प्रत्येक जागा आळीपाळीनं त्याखाली येते, म्हणून कप घट्ट हवा. कोनवर भार एकाच जागी पडतो, म्हणून तो सैल चालतो. हळूहळू सरकत राहिला तर उलट बरंच. भाराच्या हिशेबानं जी रिंग फिरते ती घट्ट, हा नियम. कोन सैल बघून त्यालाही पंच मारणारे लोक आहेत. त्यांच्यापासून गाडी लांब ठेवावी.

हबला बूश घालून भोक पुन्हा करता येतं, पण ते मध्यरेषेवर न आल्यास चाक वळवळतं. लेथवाल्यानं स्वतःच नको म्हटलं. फरक अगदी थोडा असता तर रिंग चिकटवायचं रसायन चाललं असतं. आमचा हब त्यापलीकडं गेला होता. शेवटी भंगारबाजारातून त्याच मेकचा एक हब शोधला, तो मोजून घेतला, आणि त्यात कप प्रेसवर घातले तेव्हा सगळं दुकान ऐकेल असा करकर आवाज झाला. त्यात मी बसवलं ते मधल्या किमतीचं देशी बेअरिंग.

कप आणि कोन नेहमी जोडीनंच बदलावेत. जुन्या कपात नवा कोन घातला की जुन्या कपावरच्या रोलरच्या खुणा नव्याला खातात. हातोडीचा घाव रोलरांतून जाता कामा नये. जी रिंग घट्ट बसते तिच्याच कडेवर, सगळीकडून सारखा दाब हवा. कोनवर ठोकून कप बसवला की रोलर कपात बारीक खळगे पाडतात, आणि बेअरिंग जन्मापासूनच म्हातारं होतं. आणखी एक वाईट खोड: धुतलेलं बेअरिंग कंप्रेसरच्या हवेनं गरागरा फिरवून शिट्टी वाजवणं. पोरांना मजा वाटते. पण तेलाचा थेंब नसताना पोलाद पोलादावर तसं फिरलं की चरे पडतात, शिवाय एखादा रोलर उडून डोळ्यात जायचा.

ग्रीसच्या रंगावर जाऊ नये. लाल, निळा हा नुसता रंग असतो. पाहायचं ते एवढंच, की ते व्हील बेअरिंगसाठी आहे का. साधं, कॅल्शियमचं चेसिस ग्रीस शंभर अंशांच्या आसपास पातळ होऊन गळतं, आणि घाटात तापलेला ड्रम त्याला सहज तिथवर नेतो. लिथियमचं ग्रीस त्याच्या बऱ्याच पुढं टिकतं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि कोनची रुंद बाजू त्यावर दाबत राहायचं, अरुंद बाजूनं रोलरांच्या फटीतून ग्रीस शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत मात्र ठासून भरू नये. जास्तीचं ग्रीस घुसळलं जाऊन तापतं आणि सील फोडून ब्रेकवर येतं.

सील. काउंटरवर बेअरिंगचा भाव करणारा माणूस सील विसरतो, आणि कोकणच्या पावसात बेअरिंग मारतं ते पाणीच. ओढा पार करताना तापलेला हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि घासलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते. रात्री गाडी उभी राहिली की रोलर जिथं टेकले असतील तिथं गंजाच्या रेषा उमटतात, रोलरांच्याच अंतरावर. गाडी धुणाऱ्यांचा जोरदार फवाराही तेच करतो. जुन्या जीपमध्ये उलट बाजूनंही धोका असतो: आतलं ॲक्सल सील गेलं की गिअर ऑइल हबपर्यंत झिरपतं आणि ग्रीस धुऊन नेतं. ग्रीसऐवजी काळं पातळ पाणी दिसलं तर नवं बेअरिंग आणायच्या आधी ते सील शोधावं.

शेवटी नट. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक अडलं की साधारण सहावा भाग फेरा मागं घ्यायचा, लॉक वॉशर घालायचा, दुसरा नट आवळायचा, आणि वॉशरची जीभ वाकवायची. वॉशर नवाच घ्यावा. दोनदा वाकलेली जीभ तिसऱ्यांदा तुटते. पाच-सातशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा चाक हलवून बघायचं, कारण नवे कप थोडे बसतात. लांबच्या फेरीनंतर दोन्ही हबना हात लावून तुलना करावी. एकच जास्त तापला असेल तर तो काही तरी सांगतोय.

नव्या मोटारींत यांतलं बरंचसं उरलेलं नाही. तिथं दोन ओळींचं, सीलबंद, आयुष्यभराचं ग्रीस भरलेलं युनिट असतं. आतली जागा कारखान्यात ठरते, आपण ती बदलू शकत नाही. तिथं गाडीच्या कंपनीनं मुळात ज्याचं बेअरिंग वापरलं त्याचंच घ्यावं, प्रेसनं बसवून घ्यावं, आणि मधला नट टॉर्क रेंचनं आवळेपर्यंत गाडी चाकावर उतरवू देऊ नये. बाकी हात चालवायला तिथं जागा नाही. सोयीचं आहे. मला थोडं कंटाळवाणंही वाटतं.

डाव्या चाकाला आता तिसरा पावसाळा चालू आहे. उजव्या चाकात अजून जुनंच बेअरिंग आहे, मी गाडी घेतली तेव्हापासूनचं, बहुधा त्याच्याही आधीचं. दर दिवाळीच्या सुमाराला मी ते उघडतो. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेलमध्ये धुतो, कप उजेडाकडं धरून फिरवतो. कप करड्या रंगाचा झालाय, पण खपला नाही. कोनच्या कडेवरचा १८५९० हा नंबर आता डोळ्याला दिसत नाही, नख फिरवलं तर लागतो.